जे-४५, पण डावी

गिटार घ्यायची म्हणलं की प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "ऑनलाइन घेऊ नकोस, दुकानात जा, हातात घे, वाजवून बघ आणि जी आवडेल ती उचल." सल्ला एकदम बरोबर आहे, फुकट आहे, आणि मला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण मी डावखुरा आहे. डावखुऱ्यानं गिटारच्या दुकानात जायचं म्हंजे भिंतीवर टांगलेल्या गिटारींकडं मान वर करून, हात मागं बांधून नुसतं बघत फिरायचं आणि घरी यायचं. जगात साधारण दहा टक्के लोक डावखुरे आहेत म्हणतात. त्या हिशोबानं दहा गिटारींमागं एक तरी डावी असायला हवी की नाही? असते एक कधीतरी. ती कोपऱ्यात असते, तिच्यावर धूळ असते, आणि ती नेमकी इलेक्ट्रिक असते.

बरं मी काय सोन्यानं मढवलेली गिटार मागतोय का? मला हवीय गिब्सन या अमेरिकन कंपनीची जे-४५ अकूस्टिक, जिला तिच्या देशात 'वर्कहॉर्स' म्हणतात, म्हंजे राबणारं घोडं. नखरा नाही, फ्रेटबोर्डवर, म्हंजे बोटं दाबतात त्या पट्टीवर, शिंपल्याची वेलबुट्टी नाही, साधे ठिपके, पुढं स्प्रूसचं लाकूड, मागं आणि बाजूला महॉगनी, उतरते गोल खांदे, आणि कडेला काळपट होत मध्ये पिवळं पडलेलं ते सनबर्स्ट. नावात पण काही कविता नाही. जे म्हंजे जम्बो आणि ४५ ही किंमत, १९४२ ला ती आली तेव्हा ४५ डॉलरला मिळायची. त्याआधीची जे-३५ होती ती ३५ डॉलरला, यावरून नाव ठेवायची मीटिंग किती मिनिटं चालली असेल ते तुम्हीच ठरवा. त्याच पद्धतीनं आज नाव ठेवायचं झालं तर हेडस्टॉक, म्हंजे नाव लिहितात ते गिटारचं डोकं, लांब करावं लागेल.

आणि साल बघा ना, १९४२. अमेरिका युद्धात उतरलेली, धातूवर सरकारी निर्बंध, कारखान्यातली पोरं फौजेत गेलेली, आणि या लोकांना नवीन गिटार काढायची सुचतीय. कंपनीची नेहमीची कहाणी अशी की युद्धाच्या काळात वाद्यं बनवणं जवळपास बंदच होतं, कारखाना सरकारी कामाला लागला होता. प्रत्यक्षात मिशिगनमधल्या कलमझूच्या त्या कारखान्यात बायका कामाला घेतल्या होत्या आणि त्यांनी त्या काळात हजारो वाद्यं बनवून बाहेर पाठवली. पुढं कित्येक वर्षांनी एका अमेरिकन लॉ प्रोफेसरनं हा विषय हातात घेतला, त्यातल्या हयात असलेल्या बायकांना शोधून बोलतं केलं, आणि वर त्यांच्या गिटारींचे चक्क एक्स-रे काढले, आणि त्याचं म्हणणं असं की या बायकांचं आतलं काम पुरुषांच्या कामापेक्षा जास्त बारकाईचं आहे, लाकूड जास्त नीट तासलेलं आहे. (हे मी घरात वाचून दाखवलं. त्यावर "त्यासाठी एक्स-रे कशाला काढायला लागला?" एवढीच प्रतिक्रिया आली.) त्या काळातल्या गिटारींच्या डोक्यावर एक सोनेरी पट्टी असते, 'ओन्ली अ गिब्सन इज गुड इनफ', आणि ती पट्टी दिसली की जमवणाऱ्या लोकांचे हात थरथरायला लागतात. त्यातल्या काहींना गळ्यात ट्रस रॉड, म्हंजे गळा वाकू नये म्हणून आत घालतात ती सळई, पण नाही, कारण लोखंड युद्धावर गेलं होतं. मिळेल ते लाकूड लावलंय, कुठं महॉगनीच्या जागी मेपल, कुठं वरचा टॉप चार तुकडे जोडून केलेला. सनबर्स्टच्या काळ्या कडा त्यासाठीच, म्हंजे जोड झाकायला, असं पण सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण हीच गिटार साध्या लाकडी रंगात आली की तिचं नाव जे-५० होतं आणि तिच्यासाठी टॉप जरा निवडून घ्यायचे. मला हे फार आवडतं. डाग झाकायला रंग मारला आणि पुढं जगानं त्या रंगासाठीच जीव टाकला.

आता आवाज. ह्याच्यावर मी तासभर बोलू शकतो आणि बोललोय पण, म्हणून मित्र आता विषय काढत नाहीत. मोठ्या बॉडीच्या बऱ्याच गिटारी झणझणीत वाजतात, एक कॉर्ड मारली की बराच वेळ घुमत राहते, सगळं कसं चकचकीत. जे-४५ तशी नाही. खालचा स्वर धप्प येतो, लाकडी दारावर मूठ मारावी तसा, आणि लगेच बाजूला होतो. कोरडा आवाज, थोडा जाडाभरडा. गाणाऱ्या माणसाला हेच पाहिजे असतं, कारण त्याच्या आवाजाला जागा मिळते, गिटार मध्ये मध्ये तोंड घालत नाही. शिवाय हिची स्केल, म्हंजे तारेची वाजणारी लांबी, २४.७५ इंच, बाकीच्या मोठ्या गिटारींची साधारण २५.४ किंवा २५.५, म्हंजे पाऊण इंचाच्या आतबाहेरचा फरक, पण तेवढ्यानं तारांवरचा ताण कमी होतो आणि बोटांना ते लगेच कळतं. ब्लूजवाल्यांना ती आवडली, लोकगीतवाल्यांना आवडली, रॉक अँड रोलवाल्या बडी हॉलीनं तर स्वतःच्या हातानं कोरून चामड्याचं कव्हर करून तिला घातलं. कंपनी पण सांगते की आमची सगळ्यात जास्त खपलेली अकूस्टिक हीच. म्हंजे माझ्या दुखण्याची गंमत कळली का? मी दुर्मिळ वस्तू मागतच नाहीय. जगातल्या सगळ्यात कॉमन चांगल्या गिटारींपैकी एक मागतोय, फक्त दुसऱ्या बाजूनं.

आणि हिच्या बाबतीत तो 'वाजवून बघ'चा सल्ला जास्तच खरा आहे ही अजून एक पंचाईत. कारण एक जे-४५ दुसरीसारखी वाजत नाही. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत आतल्या पट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असायच्या, मग ते थांबलं. पुढं खालीवर होणारं सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आलं, स्क्रूवालं, ज्यानं आवाजाची वाट लागते म्हणून अर्धं जग शिव्या घालतं आणि अर्धं जग नेमकं त्याच टकटकीत आवाजासाठी ती वर्षं शोधत फिरतं. साठच्या दशकात काही वर्षं ब्रिज, ज्यात ते सॅडल बसतं तो, प्लास्टिकचा. हो, प्लास्टिकचा, एवढ्या गिटारला. १९६९ च्या सुमारास कुणाला तरी वाटलं की गोल खांदे फार झाले, तर ते चौकोनी केले, मग ऐंशीच्या दशकात मॉडेल बंद पडलं, परत आलं, १९८४ ला कलमझूचा कारखानाच बंद झाला, आणि १९८९ पासून अकूस्टिकचा कारखाना मोंटानातल्या बोझमनला. आता एवढ्या उलथापालथीतून गेलेल्या मॉडेलची गिटार न वाजवता घ्यायची म्हंजे लग्नाआधी फक्त आडनाव विचारायचं. एकाच वर्षाच्या, एकाच कारखान्यातल्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तरी एक बोलते आणि एक नुसती घसा खाकरते असं लोक सांगतात. लोक सांगतात, कारण मी कुठल्या दोन ठेवणार शेजारी.

तरी मी प्रयत्न केला नाही असं नाही. एका दुकानात जे-४५ टांगलेली होती, उजवी अर्थात. मी म्हणलं, "जरा काढून देता का?" त्या पोरानं अगदी आदरानं काढली, पुसली, ट्यून केली, स्टूल दिलं. मी बसलो आणि गिटार उलटी धरली. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू जागच्या जागी थांबलं.

"सर, उलटी धरलीय."

"माहितीय. मी लेफ्टी आहे."

"ओके सर." मग जरा थांबून, "पण सर, उलटी धरलीय."

आता उलट्या धरलेल्या गिटारीवर जाड तार खाली आणि बारीक वर, त्यामुळं मला येणारा प्रत्येक कॉर्ड मला येत नाही. मी जी कॉर्ड लावली ती कुठली होती ते मला पण कळलं नाही. पलीकडं एक शाळकरी मुलगा युकुलेले बघत होता तो थांबून माझ्याकडं बघायला लागला, त्याची आई पण, आणि मी मात्र डोळे मिटून लाकडाचा आवाज ऐकायचा प्रयत्न करतोय, की कॉर्ड सोडा, तो धप्प येतोय का. येत होता हो. एकच मोकळी तार अंगठ्यानं मारली आणि पोटाला बॉडी टेकलेली होती तिथं ते जाणवलं. मी ती एकच तार बराच वेळ वाजवत बसलो. त्या पोरानं शेवटी अतिशय सौजन्यानं विचारलं, "सर, आपण शिकायला कधी सुरुवात केली?"

बाहेर पडताना मॅनेजर म्हणाले, "अहो त्यात काय एवढं, तारा उलट्या लावून देतो." हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता मी त्याच्यावर भाषण तयार ठेवलंय आणि ते इथं देतोच, कारण प्रत्यक्षात कुणी पूर्ण ऐकून घेत नाही. वर गळ्याच्या टोकाला तारा टेकतात तो नट, त्याच्या खाचा असतात त्या तारेच्या जाडीप्रमाणं कापलेल्या असतात, जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि बारीक तार जाड खाचेत खुळखुळते. खाली सॅडल तिरकं असतं, का, तर जाड तारेला थोडी जास्त लांबी लागते, म्हणून. तारा उलट्या केल्या की तो तिरकेपणा नेमका चुकीच्या बाजूला जातो, म्हंजे दाबल्यावर जाड तारा चढ्या लागणार आणि बारीक उतरत्या, तुम्ही कितीही ट्यून करा, वरच्या फ्रेटवर गेलात की सगळं वेगवेगळ्या गावाला. पिकगार्ड तारांच्या वरच्या अंगाला येणार जिथं त्याचा काही उपयोग नाही, आणि खाली उघड्या स्प्रूसवर पिक घासणार. गळ्याच्या कडेला जे छोटे ठिपके असतात ना, कुठल्या फ्रेटवर आहोत ते कळायला, ते जमिनीला दिसणार. आणि आत टॉपच्या खाली पट्ट्यांचा एक्स असतो, त्याच्या खालच्या अंगाला टोन बार तिरके बसवलेले असतात, म्हंजे आतून पण ती उजवीच. नट बदलता येतो, सॅडलची खाच बुजवून नवीन पाडता येते, पिकगार्ड काढता येतो. पण मग ती जे-४५ राहिली का ऑपरेशन झालेला पेशंट झाला? आणि विकायची वेळ आली तर तो पेशंट उजवे घेत नाहीत, डावे घेतात पण भाव पाडून, कारण डावे सगळे माझ्यासारखेच इरसाल, त्यांना नटपासून सुरुवात करून सगळं माहीत असतं.

मग लोक उदाहरणं काढतात. रॉकवाला जिमी हेंड्रिक्स बघ, उजवी गिटार उलटी करून वाजवायचा. अरे तो हेंड्रिक्स होता. लोकगीतं गाणारी एलिझाबेथ कॉटन बघ. त्या बाईंनी तर तारा सुद्धा न बदलता उजवी गिटार सरळ उलटी धरली, बोटांनी खालचे स्वर आणि अंगठ्यानं चाल, म्हंजे बाकीचं जग करतं त्याच्या बरोबर उलट, आणि त्या वादनाची पुढं स्वतंत्र शैली झाली. बाईंबद्दल मला कमालीचा आदर आहे. पण एखाद्यानं भिंत फोडून रस्ता काढला म्हणून बाकीच्यांना दार द्यायचंच नाही असं कुठं असतं का?

सगळ्यात जास्त लागतं ते बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं. हा माणूस डावखुरा, त्यानं १९६४ मध्ये एपिफोन टेक्सन घेतली. एपिफोन तोवर गिब्सननं विकत घेतलेली होती, टेक्सन कलमझूच्याच कारखान्यातली, बॉडी त्याच गोल खांद्यांची, जवळजवळ जे-४५ ची बहीण, फक्त स्केल लांब. आणि ती होती उजवी! त्यानं उलटी करून घेतली आणि तिच्यावर 'येस्टरडे' वाजवलं. म्हंजे ज्या माणसाकडं पाहिजे ते मागवायची ऐपत आणि वट होती त्यानं पण उलटीच घेतली. हे कळल्यापासून माझ्या बाजूनं वकिली करायला कुणीच उरलं नाही.

म्हणून मग नाइलाजानं ऑनलाइन. मी सगळीकडं अलर्ट लावून ठेवलेत, फोन टिंग झाला की आधी ते. सर्चमध्ये 'लेफ्ट' टाकलं की काय येतं? 'हरी अप, ओन्ली वन लेफ्ट'. उजवी गिटार आणि एकच शिल्लक. फिल्टर लावला तर डावी इलेक्ट्रिक, डावी युकुलेले, डाव्या हाताचा ग्लोव्ह. आणि एके दिवशी ती आली. जे-४५, सनबर्स्ट, पिकगार्ड बरोबर माझ्या बाजूला, एक माणूस मांडीवर घेऊन बसलाय, उजवा हात गळ्यावर, डावा तारांवर. मी उभा राहिलो. ताबडतोब मेसेज टाकला, पैशाचं कसं करायचं हे डोक्यात सुरू झालं, दोन जुन्या गिटारी विकल्या सुद्धा मनातल्या मनात, आणि मग फोटो झूम केला. हेडस्टॉकवर गिब्सनचं नाव उलटं. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटं. सेल्फी होता तो. त्या सद्गृहस्थांनी फ्रंट कॅमेऱ्यानं काढलेला, आरशासारखा उलटा पडलेला. मी कळवलं की फोटो मिरर झालाय, तर त्यांचं उत्तर आलं, "गिटार ओरिजिनल आहे."

जुन्या घ्याव्या म्हणलं तर त्यांची वेगळी तऱ्हा. डावी जुनी जे-४५ बाहेर निघायला कुणाला तरी एवढ्या वर्षांपूर्वी ती खास ऑर्डर करून बनवून घ्यायला लागली असणार, म्हंजे आधी तेवढा हट्टी डावखुरा पाहिजे, मग तो विकायला तयार पाहिजे. आणि समजा निघालीच तर जुन्यांच्या ब्रिजला आणि फ्रेटबोर्डला ब्राझिलियन रोजवूड असण्याची शक्यता, आणि ते झाड १९९२ पासून सायटिसच्या, म्हंजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. तेव्हा गिटार सीमेपलीकडून आणायची तर परवाने काढा. २०१७ मध्ये तर बाकीच्या सगळ्या रोजवूडवर पण निर्बंध आले होते, नवीन गिटारींना सुद्धा कागद लागायला लागले, ते २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांपुरते सैल केले. तोवर मला सायटिसची परिशिष्टं इतकी पाठ झाली होती की एका लग्नात वनखात्यातल्या एका साहेबांशी माझं छान जमलं.

त्यातल्या त्यात दिलासा म्हंजे त्याच बीटल्समधल्या लेनन आणि हॅरिसनला पण थांबायला लागलं होतं. १९६२ मध्ये त्यांनी दोघांनी जे-१६०ई मागवली, जे-४५ चीच पिकअप लावलेली नातेवाईक, लिव्हरपूलच्या दुकानातून ऑर्डर दिली आणि ती अमेरिकेहून यायची वाट बघत बसले. लेननची पुढच्याच वर्षी नाहीशी झाली. नंतर ती कॅलिफोर्नियात एका माणसानं सेकंडहँड घेतली, कुणाची आहे हे माहीत नसताना कित्येक वर्षं वाजवली, आणि २०१५ ला लिलावात तिचे २४ लाख डॉलर आले. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेलो की माळ्यावर काही जुनी केस वगैरे आहे का ते सहज विचारतो. असते. तिच्यात हार्मोनियम असते.

शेवटी मित्राच्या मित्राच्या ओळखीनं एका काकांचा पत्ता लागला, पक्के डावखुरे, आणि त्यांच्याकडं डावी जे-४५, कारखान्यातूनच डावी निघालेली. फोन केला तर म्हणाले, ये की, त्यात काय. गेलो. काकांनी केस उघडली, आत ओलावा मोजायचा काटा, पंचेचाळीसवर. गिटार माझ्या हातात दिली आणि ती, काय सांगू, सरळ होती. म्हंजे माझ्यासाठी सरळ. ठिपके मला दिसत होते! मी जी कॉर्ड लावली ती लागली आणि तो धप्प आला आणि बाजूला झाला, मी गुणगुणायला लागलो तर गिटार गप्प ऐकत होती. काका समोर बसून बघत होते, मध्येच म्हणाले, "अरे हळू, पळून नाही जात ती." मी एक गाणं संपवून दुसरं सुरू करायचो, ते संपलं की तिसरं, थांबलो तर परत मागतील म्हणून.

थांबलो तेव्हा हिंमत करून विचारलं, "काका, कधी विकायचा विचार..."

"छे. माझ्यानंतर पोराला."

"तो पण लेफ्टी?"

"नाही, उजवा आहे. त्यात काय एवढं, तारा उलट्या लावेल की."

मी गिटार मांडीवरून न उतरवता नटच्या खाचांपासून सुरुवात केली. सॅडलच्या तिरकेपणापर्यंत आलो तेव्हा काकांनी एक हात पुढं केला आणि म्हणाले, "ते नंतर सांग, आधी ती इकडं दे."